एलपीजी गाडीतले दोन फिल्टर: धुवायचा कोणता, फेकायचा कोणता

प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची १२०० सीसीची हॅचबॅक आहे, सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने गॅस देणारं) एलपीजी किट आहे, गॅसवर ४२,००० किमी झालेत. सपाट रस्त्यावर काही त्रास नाही. पण खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप तुटतो, बीप वाजतो आणि गाडी आपोआप पेट्रोलवर जाते. एक मेकॅनिक म्हणतो, दर ५,००० किमीला दोन्ही फिल्टर बदला. दुसरा म्हणतो, बदलायचे कशाला, पेट्रोलमध्ये धुऊन हवा मारा आणि परत टाका. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, कारण दोघं बहुधा वेगवेगळ्या फिल्टरबद्दल बोलतायत. धुवायचा फिल्टर असतो आणि फेकायचाही असतो. ५,००० किमीला बदलावा लागणारी गाडीही असते, पण त्या गाडीत फिल्टरपेक्षा मोठा घोळ असतो. त्यामुळे आधी कोणता फिल्टर कुठे बसतो ते बघू.

टाकीत एलपीजी द्रवरूपात असतो, हवामान आणि प्रोपेन-ब्युटेनच्या प्रमाणानुसार साधारण ५ ते ८ बार दाबाखाली. टाकीवरच्या मल्टीव्हॉल्व्हमधून (टाकीचे व्हॉल्व्ह एकत्र बसवलेला भाग) तो गाडीच्या पोटाखालच्या ६ किंवा ८ मिमीच्या पाइपने पुढे येतो. इंजिनजवळ एक सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह असतो, कधी स्वतंत्र, कधी रेड्युसरच्या अंगावरच बसवलेला. त्याच्या कॉइलखाली किंवा शेजारच्या वाटीत पहिला फिल्टर असतो. याला द्रव फिल्टर म्हणू. पुढे रेड्युसरमध्ये इंजिनच्या गरम कूलंटने गॅसची वाफ होते, दाब साधारण १ बारपर्यंत उतरतो आणि ती वाफ १२ मिमीच्या आसपासच्या रबरी होजमधून इंजेक्टरच्या रेलकडे (सगळे इंजेक्टर बसतात त्या पट्टीकडे) जाते. या होजमध्ये डबीसारखा दिसतो तो दुसरा, वाफेचा फिल्टर. टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये आणि भरण्याच्या नोझलपाशीही काही किटमध्ये जाळी असते, पण ती टाकी उतरवल्याशिवाय कोणी बघत नाही आणि बघायची गरजही क्वचित पडते.

रिक्षातल्या किंवा जुन्या कार्बोरेटर गाड्यांतल्या मिक्सर किटमध्ये वाफेचा फिल्टर नसतोच. तिथे इंजेक्टर नाहीत, मिक्सरच्या मोठ्या भोकातून कचरा निघून जातो. म्हणून रिक्षा बघणाऱ्या मिस्त्रीला द्रव फिल्टरची जाळी धुवायची सवय असते आणि तीच सवय तो सिक्वेन्शियल किटच्या गाडीला लावतो. तुमचा दुसरा मेकॅनिक बहुधा या वाटेने आलाय.

दोन फिल्टरची कामं वेगळी आहेत. पहिला घन कचरा अडवतो: टाकीतला गंज, पाइप कापताना राहिलेला तांब्याचा कीस, पितळी आट्यांचे कण, पंपावरून आलेली माती. दुसऱ्याला झगडावं लागतं ते तेलाशी. एलपीजी म्हणजे निव्वळ प्रोपेन-ब्युटेन नसतो. त्यात जड हायड्रोकार्बनचा अंश असतो, पंपाच्या वंगणाचा अंश असतो आणि रबरी होजमधून विरघळून आलेला मऊपणाचा रासायनिक पदार्थही असतो. द्रवात हे सगळं मिसळलेलं असल्यामुळे पहिल्या फिल्टरमधून बिनबोभाट निघून जातं. रेड्युसरमध्ये गॅसची वाफ झाली की हे मागे राहतं, आणि त्यातला बारीक तुषार वाफेबरोबर पुढे जाऊन दुसऱ्या फिल्टरात अडकतो.

प्रमाण किती? युरोपच्या ईएन ५८९ मानकात वाहनांच्या एलपीजीत बाष्पीभवनानंतर उरणाऱ्या अवशेषाची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. तुमची गाडी लिटरला १३ किमी देते असं धरू. १०,००० किमीला सुमारे ७७० लिटर, म्हणजे ४१५ किलोच्या आसपास गॅस लागला. मर्यादेच्या काठावरचा गॅस भरला तरी २५ ग्रॅम तेल. चांगल्या पंपावर यापेक्षा बरंच कमी. हे २५ ग्रॅम रेड्युसरच्या तळाशी, फिल्टरच्या कागदात आणि थोडं इंजेक्टरच्या प्लंजरवर (आतल्या उघडझाप करणाऱ्या दांड्यावर) वाटलं जातं. प्लंजरवर गेलेलं थोडंच असतं, पण महाग तेच पडतं. साध्या प्लंजर रेलला उघडायलाच ३ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) पूर्ण पल्स, म्हणजे इंजेक्टर उघडा ठेवण्याचा इशारा, ५ मिलिसेकंदांचा असतो. प्रत्यक्ष गॅस जायला उरले २. चिकटपणामुळे उघडायला अर्धा मिलिसेकंद उशीर झाला की त्या सिलिंडरला आयडलवर पाव हिस्सा गॅस कमी जातो. गाडी गॅसवर थरथरते ती अशी.

तुमच्या लक्षणावरून

आयडल चांगलं, सपाटीवर चांगलं, आणि जोर लागला की दाब पडून पेट्रोलवर. याचा अर्थ इंजेक्टर बहुधा ठीक आहेत, गॅस पुरत नाही. गॅस किटचा ईसीयू (इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) गॅसचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की गॅस संपला असं समजून पेट्रोलवर उडी मारतो. गॅस न पुरण्याची जागा शोधायला घाटमाथ्यावर गाडी थांबवून बॉनेट उघडा आणि द्रव फिल्टरच्या वाटीला बोट लावून बघा. रेड्युसर गरम आणि वाटी मात्र थंडगार, वर पाण्याचे थेंब किंवा पांढरं दव, असं असेल तर तिथेच अडलंय. तुंबलेल्या फिल्टरपलीकडे दाब एकदम पडतो, द्रव तिथेच उकळायला लागतो आणि उष्णता वाटीकडून ओढून घेतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो हे लक्षात घेतलं की हा गारवा कुठून आला ते कळतं.

वाटी साधी आणि रेड्युसरच गार पडलेला असेल तर फिल्टरचा दोष नाही. कूलंट कमी आहे, त्यात हवा अडकलीय किंवा होज उलटा जोडलाय.

दोन्ही ठीक असतील तर वाफेचा फिल्टर. पण इथे एक मेख आहे. काही किटमध्ये दाबाचा सेन्सर रेलवर असतो, काहींत फिल्टरच्या आधी. सेन्सर आधी असेल तर फिल्टर पार तुंबला तरी लॅपटॉपवर दाब उत्तम दिसतो. ईसीयू पेट्रोलवर उडीही मारत नाही, गाडी नुसती दम टाकते. अशा वेळी स्कॅनरवर पेट्रोल ईसीयूचा फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा मूळ नियंत्रक इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. पेट्रोलवर ५ टक्क्यांच्या आत असलेला ट्रिम गॅसवर जोर लावल्यावर १५-२० कडे चढत असेल तर मिश्रण पातळ होतंय, हवेच्या मानाने गॅस कमी पडतोय. पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड बऱ्याचदा याच वाटेने येतो. सेन्सर फिल्टरनंतर असेल तर काम सोपं: तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या आणि दाब बघा. आयडलच्या दाबापेक्षा ०.२-०.३ बारहून जास्त घसरला की वाटेत अडथळा आहे. ही चाचणी दोन माणसांनी करायची, एकट्याने गाडी चालवत लॅपटॉप बघत नाही.

नवा फिल्टर आणण्याआधी टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना बघा. भारतात एलपीजी टाकीची दाबचाचणी दर ५ वर्षांनी करून घ्यावी लागते. चाचणीनंतर टाकी परत बसवताना व्हॉल्व्ह अर्धाच उघडला गेला तर लक्षणं हुबेहूब तुंबलेल्या द्रव फिल्टरची येतात. पोटाखाली चुकीच्या जागी जॅक लावून चेपलेला तांब्याचा पाइपही तेच नाटक करतो.

आणि गाडी झटके देतेय पण दाब, ट्रिम सगळं जागेवर आहे, तर स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. एलपीजीच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर मिसिंग करतो आणि दोष फिल्टरच्या माथी येतो. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवला की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात.

बदलण्याची पद्धत

वाफेचा फिल्टर ज्याला होज-क्लॅम्प काढता येतो त्याला जमेल. द्रव फिल्टर एलपीजीचं काम करणाऱ्या माणसाकडूनच बदलून घ्या, पण तो नीट करतोय का हे कळायला पायऱ्या माहीत असाव्यात.

जागा उघडी हवी. बंद गॅरेज नको, खड्ड्यावर तर नकोच नको. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, ती खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसते आणि तिथेच राहते. जवळपास गॅस वेल्डिंग, ग्राइंडर, देवाचा दिवा, विडी-सिगारेट काही नको.

इंजिन गरम करा, गाडी गॅसवर येऊ द्या. मग इंजिन चालू ठेवूनच टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. हाताचा व्हॉल्व्ह नसेल तर टाकीवरच्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढा. आता पाइपमधला गॅस जळून संपला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाईल. ही पायरी बरेच जण गाळतात. पाइपात असतोच किती गॅस, असं म्हणतात. मोजून बघू. बाहेरून ६ मिमी आणि आतून ४ मिमीचा ५ मीटर पाइप म्हणजे ६३ मिली द्रव. द्रवाची वाफ झाली की आकारमान सुमारे २६० पट होतं, म्हणजे १६ लिटर वाफ. ती पेटण्याइतकं मिश्रण व्हायला हवेत २ टक्के पुरे, म्हणजे ८०० लिटर हवा पेटाऊ व्हायला एवढी वाफ बस झाली. पाइप ८ मिमीचा असेल तर सगळे आकडे दुपटीहून जास्त. आयडलला लहान गाडी तासाला लिटरभर गॅस खाते, तेव्हा ६३ मिली जळायला चार मिनिटं लागतात. एवढी चार मिनिटं थांबायचं. व्हॉल्व्ह बंद करून पाइप द्रवाने भरलेला तसाच ठेवून निघून जाऊ नका. दोन्ही टोकं बंद असलेल्या पाइपात तापलेल्या द्रवाला फुगायला जागा नसते.

पेट्रोलवर गेली की इंजिन बंद, चावी काढलेली, एलपीजी किटचा फ्यूज काढलेला, बॅटरीची ऋण तार सोडवलेली. तार सुटताना ठिणगी पडते, म्हणून हे काम पाइप सोडण्याआधी. मग इंजिन तासभर थंड होऊ द्या.

वाफेचा फिल्टर: दोन्ही क्लॅम्प ढिले करा, होज गोल फिरवून सैल करा, सरळ ओढू नका. फिल्टरवर बाण असतो, तो रेलच्या दिशेने. होजचं टोक कडक झालं असेल किंवा चिरा दिसत असतील तर तेवढा तुकडा कापा किंवा होजच बदला. होजवर आर६७-०१ (एलपीजीच्या भागांच्या मान्यतेचा क्रमांक) असं छापलेलं हवं. पाण्याचा किंवा पेट्रोलचा होज मापात बसला तरी तो एलपीजीत फुगतो आणि त्याचाच चिकट द्रव पुढे इंजेक्टरात जातो. क्लॅम्प नवे लावा. आटे खाल्लेला जुना क्लॅम्प वर्षभरात सुटतो.

द्रव फिल्टर: वाटीचे स्क्रू किंवा मधला नट आधी फक्त पाव फेरा सैल करा आणि थांबा. उरलासुरला दाब फुस्स करत निघून जाऊ द्या, मगच पुढे. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. उरलेला द्रव त्वचेवर पडला तर भाजल्यासारखी जखम होते. आतली ओ-रिंग आणि तिची जागा नीट बघून ठेवा, बहुतेक किटमध्ये दोन वेगवेगळ्या मापांच्या असतात. त्या परत वापरायच्या नाहीत, दिसायला कितीही चांगल्या असोत. एलपीजीत राहून रबर फुगलेलं असतं, बाहेर काढलं की आक्रसतं, आणि परत बसवल्यावर पहिल्या थंड सकाळी गळतं. नवी ओ-रिंग नायट्राइल रबरची, किटच्या मापाची, बोटावर किंचित व्हॅसलीन घेऊन बसवलेली. वाटीत लोहचुंबक असेल तर तो पुसून परत टाका, जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जातो बऱ्याचदा. तांब्याच्या पाइपचा जोड सोडावा लागला तर दोन पाने लावा: एकाने धरायचं, एकाने फिरवायचं. एकच पाना लावला की पाइप पिळतो. त्या जोडाला टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथे सील धातूवर धातू दाबून होतं, टेपचे तुकडे सुटून आत जातात. अॅल्युमिनियमच्या आट्यांवर जोर करू नका.

मग तार, फ्यूज, कनेक्टर परत. टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. रिकाम्या पाइपात गॅस एकदम धावला तर मल्टीव्हॉल्व्हमधला अतिप्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह पाइप फुटला समजून बंद होतो, आणि फिल्टर बदलल्यावर गॅस येईना म्हणून धावाधाव होते. तसं झालं तर व्हॉल्व्ह बंद करून मिनिटभर थांबा, दाब समान झाला की तो आपोआप मोकळा होतो.

गळती तपासायची ती गाडी गॅसवर चालू असताना. इंजिन बंद असताना सोलेनॉइड बंद असतात, पुढच्या जोडांवर दाबच नसतो, साबण लावून काही कळत नाही. भांड्यांचा साबण पाण्यात मिसळून प्रत्येक सोडलेल्या जोडावर लावा आणि मिनिटभर नजर ठेवा. मोठ्या गळतीचे फुगे लगेच येतात, बारीक गळती मोहरीएवढा फेस करून बसते. झाल्यावर साध्या पाण्याने पुसा. काडी पेटवून तपासणारा फिटर दिसला तर गाडी घेऊन निघा.

धुवायचं का

जाळी स्टीलची किंवा पितळी कणांची दाबून केलेली असेल तर धुवा. कार्ब क्लीनर वापरा, हवा आतून बाहेर मारा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. कागद, फेल्ट किंवा पॉलिएस्टर असेल तर धुवू नका. पेट्रोलमध्ये चिकट तेल विरघळतं खरं, पण त्यात अडकलेला बारीक कचरा सुटून धाग्यांमध्ये आणखी आत जातो. वरून कंप्रेसरची ६-७ बारची हवा मारली की कागद डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी फाटतो. असा धुतलेला फिल्टर दाब उत्तम देतो, कारण त्याने गाळणं सोडून दिलेलं असतं. वाफेचा फिल्टर काही शे रुपयांना मिळतो, इंजेक्टर रेल हजारांत जाते.

नकली फिल्टरचाही हाच परिणाम. कागदाची घडी टोकाला नीट चिकटवलेली नसते, गॅस कडेने निघून जातो. डबीवर गोलात ई हे चिन्ह आणि मान्यतेचा क्रमांक नसेल तर घेऊ नका. जास्त सुरक्षित म्हणून एकामागे एक दोन फिल्टर लावण्याची पद्धतही काही ठिकाणी दिसते. त्याने घाटात दाब पडण्याची दुसरी जागा तयार होते.

किती किमीला

किटच्या पुस्तिकेत अंतर दिलेलं असेल तर तेच. नसेल तर वाफेचा १०,००० ते १५,००० किमीला, द्रवाचा २०,००० ला, आणि गाडी कमी चालत असली तरी वाफेचा वर्षातून एकदा. नवं किट बसवल्यावर मात्र पहिल्यांदा १,००० ते १,५०० किमीलाच दोन्ही उघडा, कारण बसवतानाचा सगळा कीस आणि रबराचे तुकडे तेवढ्यात पुढे आलेले असतात. तुमचे ४२,००० किमी मूळ फिल्टरवरच झाले असतील तर दोन्ही आता बदला, चर्चाच नको.

पण यापुढचं अंतर पुस्तिकेपेक्षा जुना फिल्टर अचूक सांगतो. म्हणून फेकण्याआधी तो करवतीने कापून पांढऱ्या कागदावर उघडा. डबी आधी दिवसभर उघड्यावर ठेवा, आतली वाफ जाऊ द्या, आणि हातकरवतच वापरा, ग्राइंडर नाही.

तपकिरी, चिकट आणि उग्र वासाचं थोडं तेल हे नेहमीचं आहे. वास गॅसमध्ये मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा. कागद निम्मा कोरडा असेल तर पुढच्या वेळी ५,००० किमी जास्त चालवा. पूर्ण भिजून थेंब गळत असतील तर अंतर कमी करा आणि रेड्युसरचा तळाचा ड्रेन प्लग उघडा, तिथेही साचलेलं असणार. ड्रेन करायचं ते पाइप वरच्यासारखा रिकामा करून, पण इंजिन कोमट असताना. थंड तेल घट्ट होऊन निघत नाही. निघालेलं तेल गटारात ओतू नका: मोहल्लाभर गॅस गळतीचा वास सुटेल आणि कोणीतरी अग्निशमन दलाला फोन करेल.

फार तेल येण्याचं एक कारण ईसीयूच्या सेटिंगमध्ये असतं. गॅसवर जाण्याचं तापमान २५ अंशांवर ठेवलं असेल तर रेड्युसर पुरता गरम होण्याआधीच गॅस सुरू होतो आणि न उकळलेले थेंब तेलासकट पुढे जातात. ३५ ते ४० ठेवा. रोज दोन किमीवरच्या बाजारात जाणाऱ्या गाडीला हे विशेष लागू.

चुंबकाला चिकटणारी लालसर पूड म्हणजे गंज. एकदा आला तर पंपावरचा असू शकतो, दोनदा आला तर टाकी. काळे चकचकीत पापुद्रे दिसले तर ते तांब्याच्या पाइपच्या आतून सुटलेलं कॉपर सल्फाइड: गॅसमधल्या गंधकाने तांबं खाल्लंय. यासाठीच एलपीजीची तांब्याच्या पट्टीवर चाचणी घेतात, पट्टी तासभर ३८ अंशांना ठेवून काळवंडते का बघतात. पापुद्रे येत राहिले तर पंप बदला आणि पाइप प्लास्टिकचं आवरण असलेला, मान्यताप्राप्त लवचीक घेण्याचा विचार करा. सोनेरी कीस म्हणजे बसवतानाचे पितळी आटे, एकदाच येतो. काळा, रबराच्या वासाचा डिंक म्हणजे चुकीचा होज. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचा पातळ द्रव दिसला तर गॅस तिथेच बंद करा. रेड्युसरच्या आतली सील फुटून कूलंट गॅसच्या बाजूला आलंय. फिल्टर बदलून उपयोग नाही, रेड्युसरचं रिपेअर किट टाकावं लागेल.

आता ५,००० किमीवाल्या मेकॅनिककडे येऊ. दर ५,००० ला फिल्टर खरंच तुंबत असेल तर एक अप्रिय प्रश्न विचारावा लागतो: गॅस कुठून भरता? पंप दूर म्हणून घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमधून मोटर लावून गाडीत गॅस भरणारे प्रत्येक शहरात आहेत. सिलिंडर उलटा केल्याशिवाय द्रव बाहेर येत नाही, आणि उलटा केला की वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गंज, तेल, पाणी सगळं आधी तुमच्या टाकीत येतं. घरात तो सिलिंडर उभा असतो, शेगडीला वरची वाफ मिळते, म्हणून स्वयंपाकघरात हा कचरा कधी दिसत नाही. हे बेकायदा आहेच. शिवाय पंपाच्या नोझलचा घट्ट जोड तिथे नसतो, भरताना गॅस सांडतो आणि शेजारी मोटरची ठिणगी असते. अशा गाडीला कोणताही फिल्टर पुरत नाही. पाणी आलं तर रेड्युसरचा डायफ्रॅमही जातो.

बदलल्यानंतर

फिल्टर हळूहळू तुंबत असताना मध्ये कोणी गॅसचा मॅप (कधी किती गॅस सोडायचा याचा ईसीयूतला तक्ता) वाढवला असेल किंवा रेड्युसरचा दाबाचा स्क्रू आवळला असेल तर नव्या फिल्टरवर गाडी जाड मिश्रणाने चालेल, अॅव्हरेज पडेल. बॅटरीची तार काढल्यामुळे पेट्रोल ईसीयूचं शिकलेलंही पुसलेलं असतं. तेव्हा आधी ३०-४० किमी पेट्रोलवर चालवा, मग गॅसवर घेऊन ऑटो-कॅलिब्रेशन करून घ्या. पेट्रोल आणि गॅसच्या ट्रिममधला फरक ५ टक्क्यांच्या आत आला की झालं. क्रम हाच ठेवायचा: प्लग, फिल्टर, कॅलिब्रेशन. उलट केलं तर दोनदा पैसे जातात.

पेट्रोलचा फिल्टर विचारला नाहीत, पण एलपीजी गाड्यांत बिघडतो तोही. गॅस स्वस्त म्हणून टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्महिने गाडी चालवतात. बऱ्याच गाड्यांत गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. त्याला थंडावा त्याच पेट्रोलचा मिळतो, आणि तळाचा गाळ तो फिल्टरमध्ये फिरवून फिरवून साठवतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं, जुनं झालं की त्रास वाढतो. टाकीत ८-१० लिटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा १५-२० किमी पेट्रोलवर चालवा. नाहीतर एखाद्या दिवशी घाटात गॅसचा दाब पडेल, ईसीयू गाडी पेट्रोलवर टाकेल आणि पेट्रोल पोचणार नाही.